देवगडहून गुलमर्गला : बर्फात काय घालावं, कसं घालावं

ताई, उत्तर मोठं आहे, पण मुद्द्याची गोष्ट आधीच सांगते. प्रत्येकी एक जाड जॅकेट घेतलं की काम भागत नाही, आणि असतील नसतील ते सगळे कपडे अंगावर चढवले तरी भागत नाही. बर्फात अंग कोरडं राहिलं तर ऊब टिकते. तुमची सगळी खरेदी या एका गोष्टीभोवती व्हायला हवी.

तुम्ही लिहिलंय की जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही, यजमान, सासू-सासरे आणि सहा वर्षांची लेक असे पाचजण श्रीनगर, गुलमर्ग, पहलगामला निघाला आहात. घरात कुणीच बर्फ पाहिलेला नाही. सासूबाई साडीशिवाय काही नेसत नाहीत, सासऱ्यांना मधुमेह आहे, आणि आठवडाभराच्या सहलीसाठी एवढा खर्च करावा का, हाही प्रश्न आहे. मी चिपळूणहून बरीच वर्षं हिवाळ्यात काश्मीर आणि हिमाचलला कुटुंबांचे गट घेऊन जाते. माझ्याबरोबर येणारी माणसं बहुतेक किनारपट्टीवरचीच असतात, दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतची. आपल्या लोकांचं तिथे नेमकं कुठे अडतं हे मी जवळून पाहिलंय. तुमच्याबरोबर दोन वयस्कर माणसं आणि एक लहान मूल आहे, म्हणून हातचं काही राखत नाही.

थंडीचा अंदाज आधी घ्या. देवगडात जानेवारीतही पहाटे पारा १८-२० अंशांच्या फारसा खाली जात नाही. दापोलीत तो १०च्या जवळ गेला की पेपरात बातमी येते. तुम्ही जाताय तेव्हा काश्मीरात चिल्लई कलां चालू असेल, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस, वर्षातले सगळ्यांत कडक. श्रीनगरात रात्री उणे ४ ते उणे ६ ही त्या दिवसांतली नेहमीची गोष्ट. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे, तिथे दुपारीसुद्धा पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. गोंडोला म्हणजे तिथली केबल कार, तिचा दुसरा टप्पा अफरवट शिखराकडे ३९०० मीटरच्या वर नेतो. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, तेव्हा खाली शून्य असेल तर वर उणे ८. त्यात वारा असतोच. हवा उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० इतकं झोंबतं. आपल्याला खाडीवरचा वारा हवाहवासा वाटतो. तिथे वारा अडवणं हे कपड्यांचं मोठं काम आहे.

कपडे ऊब तयार करत नाहीत. ती अंगातच तयार होते, आणि कपड्यांत अडकलेली स्थिर हवा तिला धरून ठेवते. म्हणून एका जाडजूड कपड्यापेक्षा मध्ये हवा राहील असे तीन बेताचे कपडे बरे. पण या हवेच्या जागी पाणी शिरलं की सगळं बिघडतं, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. हे पाणी दर वेळी वरून पडणाऱ्या बर्फाचंच असतं असं नाही. पुष्कळदा ते आपल्याच घामाचं असतं.

कोकणातल्या माणसाला घामाची इतकी सवय असते की तो आलेला कळतही नाही. सकाळी हॉटेलात सुती बनियन, त्यावर शर्ट, दोन स्वेटर आणि जॅकेट असा सगळा सरंजाम चढवून मंडळी खाली येतात. टॅक्सीत हीटर चालू असतो, तिथे कुणी जॅकेटची चेनसुद्धा उघडत नाही. मग गुलमर्गला उतरून भुसभुशीत बर्फातून गोंडोलापर्यंत चालायचं. बर्फात चालणं म्हणजे वाळूत चालण्याइतकंच दमवणारं, त्यामुळे पाठ भिजते. त्यानंतर रांगेत उभं राहायचं. अर्ध्या तासात दात वाजायला लागतात आणि सगळे म्हणतात, जॅकेट हलकं निघालं. जॅकेट बहुतेक वेळा चांगलंच असतं. आतलं सुती बनियन ओलं होऊन पाठीला चिकटलेलं असतं आणि अंगातली ऊब ते शोषत असतं.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे सांगावं लागलं नसतं. लावणीच्या दिवसांत शेतात उतरताना ते अंगावर घोंगडी घ्यायचे आणि डोक्या-पाठीवर इरलं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. इरलं वरचा पाऊस आणि वारा झेलायचं, आणि बाजूने मोकळं असल्यामुळे आतला घाम कोंडायचा नाही. बर्फातल्या कपड्यांची आजची पद्धत हीच आहे, फक्त तिच्यात आत आणखी एक थर आला आहे.

तो आतला थर म्हणजे थर्मल. यात एकच पथ्य पाळायचं : सुती नको. दुकानात ‘थर्मल’ म्हणून जे पांढरं-राखाडी मिळतं त्यातलं पुष्कळसं सुती किंवा सुतीमिश्रित असतं. ते हातात घेतल्यावर मऊ आणि जाड लागतं म्हणून आपण फसतो. आतली चिठ्ठी वाचा. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा मेरिनो लोकर असं लिहिलेलं घ्या. अंगाला बसणारं हवं, पण काखेत आणि कमरेला काचणारं नको. दिवसासाठी प्रत्येकी दोन जोड घ्या, कारण एक अंगावर असताना दुसरा खोलीत वाळत असतो. बायकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, जी दुकानदार सांगत नाही. वर कितीही चांगलं थर्मल घातलं तरी आतली सुती ब्रा भिजते आणि छातीवर दिवसभर ओली पट्टी राहते. त्या दिवसांपुरती व्यायामाची, लवकर वाळणारी ब्रा घ्या.

मधला थर ऊब धरायचा. घरात कुणी हाताने विणलेला खरा लोकरीचा स्वेटर असेल तर तो खुशाल न्या, त्याच्यापेक्षा चांगलं काही शोधायची गरज नाही. नसेल तर फ्लीसचं, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या मऊ, लव असलेल्या कापडाचं जॅकेट घ्या. ते हलकं असतं, धुतलं की रात्रीत वाळतं. शक्यतो पुढून चेन असलेलं घ्या. डोक्यातून काढायचा स्वेटर गर्दीत काढायचा कंटाळा येतो आणि कंटाळ्यापायी माणूस घामेजत बसतो.

वरचा थर म्हणजे कापूस भरल्यासारखं फुगीर जॅकेट. यात पिसांचं आणि कृत्रिम धाग्यांचं असे दोन प्रकार असतात. पिसांचं वजनाला हलकं आणि फार उबदार, पण ओलं झालं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना, आणि विशेषतः आपल्या दमट हवेत परत आणून कपाटात ठेवायचं असेल तर, मी कृत्रिम भरणाचंच घ्यायला सांगते. त्याला हुड हवा, लांबी कमरेच्या खाली हवी, आणि मनगटाशी वारा शिरणार नाही असं लवचीक काठाचं बंद हवं. चेन प्लास्टिकची बघा. देवगडच्या खाऱ्या हवेत धातूच्या चेनला गंज चढतो आणि ऐन थंडीत ती अर्ध्यात अडकते.

याच्याही वर बर्फ पडत असेल किंवा स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या घसरगाडीवर बसायचं असेल तर पाणी न झिरपणारं काहीतरी लागतं. इथे खर्च वाचवायची सोय आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरात पावसाळ्याचा दोन तुकड्यांचा रेनसूट असतो. त्याची पँट बर्फात फार उपयोगी पडते, कारण माणूस बर्फात बसतो, घसरतो, गुडघ्यावर टेकतो. नायलॉनचा, मऊ असा असेल तर न्या. स्वस्त, चकचकीत प्लास्टिकचा मात्र नेऊ नका. तो थंडीत कडक होतो आणि घडीवर चिरतो. रेनसूटमधून घाम बाहेर पडत नाही, तेव्हा चालताना तो पिशवीत असू द्या आणि बर्फात खेळायच्या वेळीच चढवा.

कपडे कसे वापरायचे हेही खरेदीइतकंच महत्त्वाचं आहे. हॉटेलातून निघताना किंचित गारवा वाटला पाहिजे. दहा मिनिटं चाललात की तो जातो. चालायला लागायच्या आधी एक थर कमी करा, थांबल्याबरोबर, म्हणजे गार वाटायची वाट न बघता, तो परत चढवा. गाडीत बसलात की जॅकेट, टोपी, हातमोजे काढून मांडीवर. एवढी शिस्त घरातल्या एका माणसाने सगळ्यांसाठी पाळायची, आणि बहुतेक घरांत ते काम आपल्याकडेच येतं.

आता पाय. सगळ्यांत जास्त तक्रारी पायांच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच बुटांच्या मापामुळे होतात. लोक नेहमीच्या मापाचे बूट घेतात आणि आत दोन जोड जाड पायमोजे कोंबतात. पाय आवळला की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही, आणि मोज्यांतली हवा दाबली गेल्याने तिचाही उपयोग राहत नाही. मग बोटं गार पडतात, म्हणून माणूस तिसरा मोजा चढवतो, आणि आणखी गार पडतात. बूट घ्यायला जाल तेव्हा लोकरीचा जाड मोजा बरोबर न्या, तो घालूनच बूट घालून बघा, आणि आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. घोट्याच्या वरपर्यंत येणारा, पाणी न शिरणारा आणि तळाला खोल खाचा असलेला बूट हवा. गुळगुळीत तळाचे रोजचे स्पोर्ट्स शूज गोठलेल्या रस्त्यावर धोक्याचे आहेत. वयस्कर माणूस तिथे थंडीने आजारी पडण्यापेक्षा घसरून हाड मोडून घेण्याची भीती मला जास्त वाटते. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे मिळतात. सासू-सासऱ्यांसाठी ते नक्की घ्या, आणि हॉटेलच्या फरशीवर येताना काढायला विसरू नका.

शेतात घालायचे गमबूट चालतील का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. पाणी ते रोखतात हे खरं, पण त्यांना अस्तर नसतं आणि आत पायाला घाम सुटतो. तासाभरात मोजा ओला, आणि मग रबर आणि बर्फ यांच्यामध्ये ऊब धरणारं काहीच नाही. टंगमर्ग-गुलमर्गला भाड्याने मिळणारे बूटही याच जातीचे असतात. शिवाय ते दिवसभर या पायातून त्या पायात फिरत असतात आणि आतून पुष्कळदा दमट असतात. वेळ आलीच तर हात आत घालून कोरडे आहेत का बघा, आपल्या मापापेक्षा मोठे मागा आणि पिशवीतला कोरडा लोकरी मोजा घालूनच पाय आत सरकवा. पायमोजे दिवसाला दोन जोड धरा. दुपारी जेवायला बसाल तेव्हा सगळ्यांचे मोजे बदलून टाका. पाच मिनिटांचं काम आहे, पण संध्याकाळचा सगळा मूड त्यावर अवलंबून असतो. बूट ओले झाले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, आपण पावसाळ्यात करतो तसंच. हीटरला चिकटवून ठेवू नका, तळाचा डिंक सुटतो.

हातांसाठी बोटं वेगवेगळी असलेल्या मोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त उबदार. ते पाणी न शिरणारे हवेत. आत पातळ लोकरी मोजा घालून वर हा घातला की फोटो काढताना हात उघडा पडत नाही. विणलेले लोकरीचे मोजे एकटे बर्फात निरुपयोगी आहेत, बर्फ त्यांना चिकटतो आणि वितळतो. फोन आणि पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

डोक्याला कान झाकणारी कानटोपी, गळ्याला नळीसारखा फ्लीसचा पट्टा. एवढं पुरे.

डोळ्यांकडे मात्र आपले लोक दुर्लक्ष करतात. समुद्रकिनारी राहणाऱ्याला वाटतं, उन्हाचं आपल्याला काय कौतुक. पण कोरडी वाळू सूर्याच्या अतिनील किरणांपैकी साधारण १५ टक्के परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के, आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. वर उंचीमुळे किरण आधीच तीव्र असतात. उघड्या डोळ्यांनी दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी लागते, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. यूव्ही ४०० लिहिलेला, बाजूनेही झाकणारा गॉगल सगळ्यांना हवा, लेकीला तर आधी. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, कारण ऊन तिथे खालून येतं. ओठ आणि टाचा तिकडच्या कोरड्या हवेत चिरतात. त्यासाठी घरचं कोकमाचं तेल न्या, त्याच्याइतका चांगला उपाय मला बाजारात सापडलेला नाही. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, तेव्हा न्यायचंच असेल तर बाटलीऐवजी रुंद तोंडाच्या डबीत घ्या.

सासूबाईंच्या साडीबद्दल तुम्ही जरा संकोचानेच लिहिलंय. संकोच करू नका. माझ्याबरोबर साडी नेसणाऱ्या पुष्कळ आजी येतात आणि त्यांच्यावर कपडे बदलायची सक्ती केलेली मला आवडत नाही. श्रीनगरात, शिकाऱ्यात, हॉटेलात साडी चालते. बर्फात अडचण होते ती घेराची. काठ बर्फावर घासतो, बर्फ चिकटतो, वितळतो, आणि सुती परकर ते पाणी गुडघ्यापर्यंत ओढून घेतो. शिवाय गोल साडीत खालून वारा मोकळा शिरतो. म्हणून आत थर्मलची पँट, तिच्यावर फ्लीसची लेगिंग आणि सुती परकराऐवजी सिंथेटिक परकर घाला. साडीही सिंथेटिक घ्या आणि घोट्याच्या वर राहील अशी उंच नेसवा. सासूबाईंना नऊवारी नेसायची सवय असेल तर फारच छान. काष्टा घातला की पाय वेगवेगळे होतात, काठ लोंबत नाही आणि आत थर्मल नीट बसतं. सुती नसलेल्या ब्लाऊजवर पूर्ण बाह्यांचं थर्मल, त्यावर स्वेटर, आणि सगळ्यांत वर शाल नव्हे तर जॅकेट किंवा तिथला फेरन. शाल सारखी सावरावी लागते, आणि निसरड्या वाटेवर बाईचे दोन्ही हात मोकळे हवेत. फेरन सैल आणि लांब असतो, साडीवर सहज बसतो, आणि आजींना तो घालायला अवघड वाटत नाही हा माझा अनुभव आहे. बर्फावर प्रत्यक्ष फिरायच्या एका दिवसासाठी सलवार आणि रेनपँट घालाल का, एवढं त्यांना घरी असतानाच, शांतपणे विचारा. तिथे रस्त्यात उभं राहून घातलेला वाद कामाचा नाही.

दागिन्यांचंही बोलते. घट्ट बुटात जोडवी बोटाला रुततात, आणि थंडीत सूज आली तर निघत नाहीत. बूट घालायच्या दिवसांत जोडवी आणि पैंजण काढून ठेवलेली बरी. थंडीत बोटं बारीक होतात, तेव्हा सैल अंगठी हातमोज्याबरोबर निघून बर्फात गेलेली कळतसुद्धा नाही. अंगठ्या घरीच राहू द्या. मंगळसूत्र थर्मलच्या आत असू द्या.

सासऱ्यांसाठी निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या आणि दोन गोष्टी स्पष्ट विचारा. पायांची संवेदना कमी झाली आहे का, आणि रक्तदाब-हृदय बघता गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावर जावं का. जुन्या मधुमेहात पायाला थंडी आणि चटका दोन्ही नीट कळत नाहीत. ‘मला काही वाटत नाही’ असं ते म्हणतील तेव्हा ते खरंच बोलत असतील, आणि त्यातच धोका आहे. त्यांचे पाय दुपारी एकदा आणि रात्री एकदा उजेडात तुम्ही किंवा यजमानांनी बघायचे : रंग बदलला का, फोड आला का, बूट कुठे घासतोय का. त्यांचे मोजे बिनशिवणीचे, वरचं इलॅस्टिक सैल असलेले हवेत. गरम पाण्याची पिशवी, हीटर, कांगडी (काश्मिरी निखाऱ्यांची शेगडी), ऊब देणाऱ्या रासायनिक पुड्या यांपैकी काहीही त्यांच्या पायाजवळ नको. पाय धुवायचं पाणी दुसऱ्याने कोपराने तपासायचं. इन्सुलिन घेत असतील तर ते गोठलं की वाया जातं. विमानात खाली जाणाऱ्या बॅगेत किंवा उभ्या गाडीत ठेवू नका, अंगाजवळच्या आतल्या खिशात ठेवा. साखर तपासायचं यंत्रही गारठलं की चालत नाही, तेव्हा ते खोलीत वापरा.

लेकीचं शरीर लहान, म्हणून वजनाच्या मानाने कातडी जास्त, आणि ऊब लवकर जाते. शिवाय मूल खेळात रमलं की थंडी वाजतेय हे सांगत नाही. तिचे हात किंवा गाल गार लागले म्हणून घाबरू नका. मानेच्या मागे कॉलरच्या आत बोटं घालून बघा. तिथे कोमट आणि कोरडं लागलं तर ठीक, घामट लागलं तर एक थर कमी, गार लागलं तर लगेच आत. एकसंध सूट गोड दिसतो, पण शूला जाताना सगळंच उतरवावं लागतं, तेव्हा वर-खाली वेगळं घ्या. हातमोजे दोरीने बाह्यांतून ओवून टाका. स्लेजवर बसताना तिच्या गळ्यात लांब मफलर कधीही नको, तो अडकू शकतो. मोज्यांपासून टोपीपर्यंत एक पूर्ण कोरडा जोड तुमच्या पाठपिशवीत असलाच पाहिजे. मोठ्यांसाठी पिशवीत मोज्यांखेरीज काही नसलं तरी चालेल, हे मात्र हवंच.

काही खुणा सगळ्यांनी ओळखायला शिका. बोट, नाकाचा शेंडा किंवा कान पांढरट, मेणासारखा दिसला आणि बधिर झाला तर ताबडतोब आत जायचं. बोटं काखेत धरायची किंवा साधारण ३७-३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवायची. चोळायचं नाही. बर्फाने तर मुळीच नाही, हा सल्ला कुणीही दिला तरी. शेकोटीवरही धरायचं नाही, कारण बधिर कातडी भाजते आणि कळत नाही. रंग आणि संवेदना परत आली नाही तर डॉक्टर गाठायचा. कुणी खूप कुडकुडत असेल, बोलणं जड होत असेल, पाय अडखळत असतील, तर अंगातलं मूळ तापमान उतरू लागलंय असं समजा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, पांघरुणात घ्या, गरम गोड पेय द्या, आणि मदत मागवा. दारूचा घोट देऊ नका. तिने कातडीकडे रक्त धावतं, तात्पुरतं गरम वाटतं आणि ऊब आणखी निघून जाते.

रात्री झोपताना दिवसाचे कपडे बदला, अगदी कोरडे वाटले तरी, कारण त्यांत घामाची ओल असते. एक थर्मल आणि एक मोज्यांचा जोड फक्त झोपण्यासाठी वेगळा ठेवा. खोलीत बुखारी, म्हणजे लाकूड-कोळशाची शेगडी, किंवा गॅसचा हीटर असेल तर झोपण्यापूर्वी बंद करायला सांगा आणि खिडकीची फट उघडी ठेवा. कोंडलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. याबाबतीत भिडेला पडू नका.

आता खर्च. थर्मल, लोकरी पायमोजे, गॉगल आणि सासू-सासऱ्यांचे बूट या गोष्टी विकत घ्या, आणि त्यात हात आखडता घेऊ नका. फुगीर जॅकेट एखाद्या नातेवाइकाकडून आणलंत तरी चालेल. मुंबईकडे कुणी ना कुणी मनाली-काश्मीर करून आलेलं असतंच. लेकीचे बूट आणि वरचे कपडे शक्य असेल तर उसनेच आणा, पुढच्या वर्षी ते तिला होणारच नाहीत. बर्फाचे लांब कोट तिथे भाड्याने मिळतात, ते एका दिवसापुरते वरून घालायला ठीक आहेत. भाव आधी ठरवा आणि चेन लावून बघा. गाडीने दिल्लीला उतरणार असाल तर एक स्वेटर आणि कानटोपी हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. जानेवारीत दिल्लीची पहाटही आपल्याला पुरेशी बोचते.

उसने बूट आणणार असाल तर एक गोष्ट निघायच्या आधी तपासाच. आपल्या दमट हवेत दोन-चार वर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या बुटांचा तळ वरून धड दिसतो, पण आतला पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने हळूहळू कुजलेला असतो. अशा बुटांचा तळ चालता चालता तुकडे होऊन गळून पडतो. अंगठ्याने तळाची कड जोरात दाबा. भुगा निघाला किंवा चीर पडली तर ते बूट नकोत. धड असले तरी आठवडाभर रोज घालून चढावर फिरा, म्हणजे कुठे लागतात ते इथेच कळेल. रेनसूट आणि जुन्या जॅकेटच्या आतल्या बाजूला हात फिरवा. चिकट लागली, पापुद्रे निघाले, तर त्यातून पाणी झिरपणार.

आणि परत आल्यावर हे सगळं तसंच गाठोड्यात बांधून ठेवू नका. लोकर सौम्य साबणाने धुवा, फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात पूर्ण वाळवा, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळ्या घाला, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. फुगीर जॅकेट दाबून न बांधता सैल टांगा. बूट माळ्यावर नकोत, घरातल्या सगळ्यांत कोरड्या कपाटात असू द्या, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून घरातल्या घरात घालून फिरा.

सासऱ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला नक्की कळवा. वरच्या टप्प्याला नको म्हणाले असतील तर त्या दिवसासाठी त्यांना खाली बसून बर्फ बघता येईल अशी जागा सुचवीन.